आगोटीची बेगमी : मालवण किनाऱ्यावरील घरखर्चाचा इतिहास

घरखर्चाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. लढाया आणि तह यांच्या नोंदी दप्तरांत जपून राहतात. पण त्याच काळांत एखाद्या घरांतील सहा माणसांना चार महिने दोन वेळचें अन्न कसें पुरलें, याची नोंद स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनीं होई, आणि पुढच्या दिवाळीस ती भिंत सारवली कीं नोंदहि पुसली जाई. मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ या वर्षांत बांधला गेला, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतें. त्याच किनाऱ्यावर दर वर्षीं वैशाखांत घरोघर दुसरी एक तटबंदी उभी राही. ती दगडचुन्याची नसे. भात, मीठ, मिरची, सोलें आणि सुकी मासळी यांची असे. तिचें नांव आगोटीची बेगमी. ही तटबंदी ज्या घरांत भक्कम, त्या घरास श्रावणांत वाण्याच्या ओट्यावर जावें लागत नसे. जेथें ती कच्ची राही, तेथें प्रथम घरच्या बाईच्या ताटांतला भात कमी होई, मग कानांतलें सोनें जाई, आणि कधीं कधीं शेवटीं जमिनीचा तुकडाहि जाई.

आगोट म्हणजे पावसाळ्याचें तोंड. कोंकणच्या किनाऱ्यावर पूर्वीं वर्षाचे दोन भाग पडत : दर्या उघडा असण्याचे आठ महिने आणि दर्या बंद असण्याचे चार महिने. मे महिन्याच्या अखेरीस वारा फिरला कीं गलबतें किनाऱ्यावर ओढून झांवळ्यांनीं शाकारून ठेवीत. पुढें आगबोटी सुरू झाल्यावरहि विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांकडे होणारी त्यांची फेरी पावसाळ्यांत बंदच राही. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण झाल्यावर दर्या पुन्हां उघडला असें मानीत. मधल्या काळांत किनाऱ्यावर शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळे. खाड्यांना पूल नसत, त्यामुळें शेजारच्या पेठेची वाटहि तुटे. फोंडा घाट आणि आंबोली घाट उतरून येणाऱ्या बैलगाड्यांची वर्दळ मंदावे. म्हणजे मिरगापूर्वीं ज्या घरांत शिधा आला नाहीं, त्या घरास पुढें वाणी जो भाव सांगेल तोच भाव. शेजारच्या गोव्यांत याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात, आणि तेथें मे महिन्यांत पुरुमेंताचा बाजार अजूनहि भरतो.

बेगमीचें पहिलें तत्त्व असें कीं, प्रत्येक जिन्नस आपापल्या स्वस्ताईच्या दिवसांत घरांत यावा. भात कापणीनंतर, म्हणजे दिवाळीच्या मागेंपुढें, स्वस्त असे. तेव्हांच तें घेऊन उकडून वाळवावें, गवताच्या मुड्यांत बांधावें, अथवा शेणानें सारवलेल्या कणगींत भरून ठेवावें. भाताच्या मागून त्याच मळ्यांत कुळीथ होई. त्याची पिठी हा पावसाळ्यांतला मोठा आधार. नवी मिरची आणि नवा गूळ घाटावरून उतरत. चैत्र-वैशाखांत परसांतलाच माल हातीं येई. रातांब्याचीं सोलें उन्हांत घालावीं, कैऱ्या मिठांत खारवाव्या, आंब्याचे सांठ वाळवावे, फणसाच्या आठळ्या माती लावून ठेवाव्या. शेवटीं, दर्या बंद होण्याच्या बेतास, बांगडे, सुंगटें आणि गोलमा हीं सुकवून मडक्यांत भरलीं जात. मीठहि तेव्हांच घ्यावयाचें; कारण मिठागरांचें काम उन्हावर चालतें, आणि एकदां पाऊस लागला कीं दुकानांतलें मीठ पाझरूं लागतें व ग्राहक मिठाबरोबर पाण्याचेंहि मोल देतो.

या यादीकडे नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. तिच्यांतील निम्म्याहून अधिक जिन्नसांना रोख पैसा थोडा लागे. ऊन, वेळ आणि हात मात्र पुष्कळ लागत. जें पुढें पैशानें घ्यावें लागलें असतें तें घरच्या बाया आधींच श्रमानें विकत घेऊन ठेवीत. या श्रमाची किंमत कोणत्याहि वहींत लिहिली गेली नाहीं. म्हणून त्या काळचा घरखर्च कागदावर फार स्वस्त दिसतो. तो स्वस्त नव्हता.

दुसरें तत्त्व मोजणीचें. समजा, घरांत सहा माणसें आहेत आणि सकाळची पेज व दोन वेळचा भात मिळून दिवसाला दोन शेर तांदूळ शिजतात. चार शेरांची एक पायली, म्हणजे रोजची अर्धी पायली. तिलाच अधोली म्हणत. पावसाचे चार महिने म्हणजे १२० दिवस, तेव्हां ६० पायली तांदूळ पाहिजेत. पण एवढ्यावर थांबलेला हिशेब पुस्तकी ठरे. लावणीच्या दिवसांत कष्टकऱ्यांची भूक वाढते, गणेशचतुर्थीस घरांत माणसें वाढतात, आणि कणगींतला कांहीं भाग उंदीर व किडे खातात. म्हणून दहा पायलींस एक पायली वरकड धरली कीं आंकडा ६६ वर जातो. या सहा पायली म्हणजेच घराची खरी सुरक्षितता. बेगमी आणि नुसती खरेदी यांतला भेद या वरकड मापांत आहे.

मापाचीहि पारख लागे. पायली गांवोगांवीं सारखी नसे. एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशीं जुळेलच अशी खात्री नव्हती. शीग लावून मोजलेली पायली आणि शीग पाडून मोजलेली पायली यांत तर मुठी-दोन मुठींचा नव्हे, मोठाच फरक पडे. घेतांना शीग पाडलेलें माप आणि देतांना शीग लावलेलें माप, असा व्यवहार ज्याच्या वांट्यास येई तो वर्षाअखेर कोठें बुडाला हें त्याला समजतहि नसे. जाणती बाई म्हणून घरचें माप बरोबर धाडी, आणि धान्य घरीं आल्यावर पुन्हां एकदां मोजून घेई.

तिसरें तत्त्व काढण्याचें. कणगीचें तोंड रोज उघडूं नये. आठवड्याचा तांदूळ एकदां मोजून लहान मडक्यांत घ्यावा आणि रोजचें माप त्यांतून काढावें. मडकें सातव्या दिवसाऐवजीं सहाव्या दिवशीं रिकामें झालें, तर चूक तेथेंच कळते. ती भाद्रपदांत कणगीच्या तळाशीं हात लागल्यावर कळण्यांत कांहीं अर्थ नसतो. आधणांत तांदूळ वैरण्यापूर्वीं त्यांतली एक मूठ बाजूला काढून ठेवण्याची चालहि महाराष्ट्रांत सर्वत्र परिचित होती. सार्वजनिक कार्यांसाठीं जे मुष्टिफंड निघाले ते याच चालीवरून. वीस मुठींचा एक शेर धरला, तर १२० दिवसांच्या १२० मुठींचे सहा शेर होतात. वर सांगितलेल्या घराचें तें तीन दिवसांचें अन्न. काढलेली मूठ कोणाच्या ताटांत उणी दिसत नाहीं. पण सांठलेले तीन दिवस अडचणीच्या वेळीं डोळ्यांना दिसतात.

ही सारी व्यवस्था धान्याच्या हिशेबावर उभी होती. तिच्यांत पैशाचा हिशेब शिरला तो मुंबईच्या वाटेनें. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह साऱ्या दक्षिण कोंकणांतून, तरण्याताठ्या पुरुषांची रीघ त्या शहराकडे लागली. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंत राहणारे, पण रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले लोक दोन लाखांहून अधिक भरले. १८८० सालीं मनीऑर्डरीचें काम सरकारी खजिन्यांकडून टपाल खात्याकडे आलें, आणि गांवोगांवच्या पोस्टमनच्या पिशवींतून गिरणीचा पगार कोंकणांतल्या ओटीवर येऊं लागला. मनीऑर्डरीच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यास जागा असे. वाण्याला किती द्यावे, कोणाचें देणें आधीं फेडावें, मुलाची फी केव्हां भरावी, हा सारा घरखर्चाचा आराखडा त्या दोन ओळींत मावे.

येथेंच जुन्या बेगमीपुढें नवी अडचण उभी राहिली. बेगमीला पैसा वर्षांतून ठराविक वेळीं, पण एकरकमी लागतो. पगार येतो महिन्यामहिन्यानें, थोडा थोडा. दिवाळींत भात स्वस्त असतें तेव्हां मनीऑर्डरीचे रुपये मागच्या देण्यांत गेलेले असत. मे महिन्यांत मीठ-मिरची भरावयाची तेव्हां लग्नसराई आलेली असे. मग जिन्नस उधारीवर येऊं लागले. उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा, आणि उधार घेणाऱ्याला माल निवडण्याचा अधिकार नाहीं, हा सर्व देशांतल्या दुकानदारीचा नियम येथेंहि चालूं होता. पूर्वीं घराचा हिशेब घराच्या भिंतीवर असे. आतां तो वाण्याच्या वहींत गेला. जिनें रोज स्वयंपाक करावयाचा तिला ती वही वाचतां येत नसे, आणि मनीऑर्डर बहुधा घरांतल्या वडील माणसाच्या नांवें येई. खर्चाची जबाबदारी एकीकडे, पैसा दुसरीकडे आणि वही तिसरीकडे, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती.

मुंबईच्या टोंकाला काय चालले होतें याचा मात्र विश्वसनीय लेखी पुरावा आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षांत शहरांतील २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि कुटुंबाशिवाय राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. फिंडले शिरास यांनीं तयार केलेला तो अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै इतकी निघाली. खर्चाच्या दर शंभर रुपयांपैकीं ५६.८ अन्नावर, ९.६ कपड्यांवर, ७.७ भाड्यावर आणि ७.४ जळण व दिवाबत्तीवर जात. शंभरांतलीं ४७ कुटुंबें कर्जांत होतीं, आणि रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५, हा व्याजाचा दर सर्रास चालत असे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनीं १८५७ सालींच दाखवून दिलें होतें कीं, कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या मिळकतींतील अन्नाचा वांटा मोठा. मुंबईच्या आंकड्यांनीं त्याला दुजोराच दिला. पण त्या अहवालांतील सर्वांत झोंबणारें वाक्य वेगळें होतें. कामगाराच्या पोटांत जाणारें धान्य दुष्काळी कायद्यानें ठरविलेल्या कमाल मापाइतकें होतें, परंतु तुरुंगाच्या नियमांत कैद्यासाठीं ठरविलेल्या आहाराहून कमी होतें. ज्या पुरुषाच्या मनीऑर्डरीवर मालवणकडची कणगी भरावयाची, त्याचें स्वतःचें जेवण कैद्याहून उणें होतें. गांवीं गेलेल्या प्रत्येक रुपयामागें मुंबईंतलें एक अर्धपोटी ताट उभें होतें, ही गोष्ट घरखर्चाचा विचार करतांना विसरतां येत नाहीं.

घराच्या हिशेबांत सरकारचा हात कोठें कोठें पोंचतो, याचा धडा या किनाऱ्यानें मिठांत शिकला. मिठावरील कर १९२४ पासून मणास सव्वा रुपया होता, आणि मण ८२ पौंडांचा. सहा माणसांच्या घरांत खारवणें, लोणचीं आणि रोजचा स्वयंपाक धरून वर्षाला मणाच्या आसपास मीठ लागतें असें मानलें, तर त्या घरानें केवळ कर म्हणून सुमारें सव्वा रुपया भरला. ज्या घरांत महिन्याची मनीऑर्डर थोड्या रुपयांची, तेथें ही रक्कम लहान नव्हती. आणि शेजारच्या सावकाराच्या घरालाहि माणशीं तितकाच कर पडे. वेंगुर्ले तालुक्यांतील शिरोडें येथें मिठागरें आहेत. मे १९३० मध्यें तेथें मिठाचा सत्याग्रह झाला, आणि स्वयंसेवकांनीं लाठ्या व तुरुंगवास सोसला. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें मीठ तयार होणाऱ्या भागांतील लोकांना घरगुती उपयोगापुरतें मीठ घेण्याची मुभा मिळाली, आणि १९४७ सालीं तो कर उठला. स्वयंपाकघरांतील एका बरणीची किंमत हा राजकारणाचा प्रश्न होऊं शकतो, हें त्या वर्षीं शिरोड्याच्या खारट चिखलांत स्पष्ट झालें.

यानंतरची मोठी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत आली. दक्षिण कोंकणांत पिकणारा तांदूळ तेथील लोकसंख्येला कधींच पुरत नसे. तूट भरून काढी तो ब्रह्मदेशाहून जहाजांनीं येणारा रंगुनी तांदूळ. मार्च १९४२ मध्यें रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि तो पुरवठा तुटला. २ मे १९४३ पासून मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि नियंत्रणाची व्यवस्था पुढें प्रांतांतील तुटीच्या जिल्ह्यांतहि पसरली. या व्यवस्थेनें एक विचित्र उलथापालथ केली. चार महिन्यांचें धान्य घरांत असणें हा आजवर गृहिणीचा सद्गुण मानला जाई. आतां ठरलेल्या मापाहून अधिक धान्य बाळगणें हा गुन्हा ठरूं लागला. बेगमी आणि साठेबाजी यांच्यामध्यें रेघ कोठें ओढावयाची, हा प्रश्न त्यापूर्वीं कोणाला पडला नव्हता. खरें तर ती रेघ सोपी आहे. घरांतल्या तोंडांचा हिशेब करून जें सांठविलें जातें ती बेगमी. दुसऱ्याच्या भुकेचा हिशेब करून जें सांठविलें जातें ती साठेबाजी. पण तंगीच्या दिवसांत कायद्याला प्रत्येक कणगीपुढें बसून हा भेद करतां येत नाहीं. रेशनिंगनें एक मोठें काम मात्र केलें. माणशीं अमुक धान्य, हा जो हिशेब पूर्वीं चुलीपुढें होई, तो सरकारनें सर्वांसाठीं एकाच मापानें केला. श्रीमंताचें आणि गरिबाचें तोंड निदान कागदावर सारखें धरलें.

स्वातंत्र्यानंतर हिशेबाचीं साधनेंच बदललीं. १ एप्रिल १९५७ रोजीं आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें शेर-पायलीच्या जागीं किलो व लिटर आले. शीग लावण्या-पाडण्याचा तंटा मिटला, हा मोठा लाभ. खाड्यांवर पूल झाले. बारमाही रस्ते आले. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावूं लागली. आतां भर आषाढांतहि कणकवलीच्या पेठेंत घाटावरची भाजी आणि मुंबईचा माल मिळतो. दर्या मात्र अजूनहि बंद होतो : पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते, आणि मालवणच्या बाजारांत मे महिन्यांत सुक्या मासळीची खरेदी आजहि होते. बेगमीची गरज सरली. तिचा एक धागा एवढा शिल्लक उरला.

गरज खरोखर सरली होती काय, याची परीक्षा १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाली. त्या दिवशीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. संप महिन्यांचा होतां होतां वर्षाहून अधिक लांबला, आणि हजारों कामगारांना पुन्हां काम मिळालेंच नाहीं. मनीऑर्डर थांबली. कित्येक कामगार कुटुंबासह कोंकणांत परतले. ज्या घरांनीं शेताचा तुकडा, परसांतले माड आणि धान्य सांठविण्याची जुनी रीत राखली होती, त्यांना निदान पेजेचा आधार उरला. ज्यांचा सारा संसार महिन्याच्या पगारावर आणि वाण्याच्या वहीवर आला होता, त्यांना तोहि नव्हता. घर एकाच मिळकतीवर उभें असेल तर वरकड सहा पायलींची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढावी लागते, हा धडा त्या वर्षीं फार महाग पडला.

या उधारीच्या फांसांतून सुटण्याची वाट कामगारांनीं पूर्वींच शोधून ठेवली होती. इंग्लंडांतील रॉचडेल येथें डिसेंबर १८४४ मध्यें कांहीं विणकऱ्यांनीं व कारागिरांनीं एक लहानसें दुकान उघडलें. पीठ, लोणी, साखर, ओटचें भरड आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता. नियम साधे होते : माल शुद्ध, माप पुरें, व्यवहार रोखीचा, आणि नफा उरला तर खरेदीच्या प्रमाणांत सभासदांस परत. त्यांतला रोखीचा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत हितकारक ठरला. मुंबईंत नायगांवच्या गिरणी कामगारांनीं १९४८ सालीं जें सहकारी दुकान काढलें, त्यांतूनच पुढें अपना बाजार ही संस्था वाढली. १९७५ सालीं मुंबईंत आणखी दोन उपक्रम सुरू झाले. गिरणगांवांत ज्या बाया कामगारांच्या खानावळी चालवीत त्यांना महिनाभर उधारीनें वाणसामान आणावें लागे, कारण जेवणाराचे पैसे पगारानंतर मिळत. प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळानें त्यांना एकमेकींच्या हमीवर बँकेचें कर्ज मिळवून दिलें. दुसरी संस्था मुंबई ग्राहक पंचायत. तिच्या पद्धतींत शेजारपाजारचीं कुटुंबें संघ करून आपली महिन्याची यादी आधीं देतात, माल एकत्र खरेदी होतो आणि मग वांटला जातो. नीट पाहिलें तर यांत नवें तें एवढेंच कीं कणगी एका घराची न राहतां अनेक घरांची झाली. आधीं मोजावें, स्वस्ताईंत घ्यावें, माप तपासावें, उधार टाळावें, हीं तत्त्वें मालवणच्या माजघरांतलींच आहेत.

बेगमीचा हा इतिहास येथें संपविला, तर तो फार गोड होईल आणि खोटाहि होईल. घरोघर हिशेब ज्या हातांत होता, त्या हाताचें ताट सर्वांत शेवटीं वाढलें जाई. आधीं पुरुष, मग मुलें, मग सासू, आणि पातेल्याच्या बुडाशीं जें राहील तें सुनेचें, अशी जेवणाची रीत होती. धान्य उणें पडलें तर ती तूट घरांतल्या सर्वांत सामाइक होत नसे. ती एकाच ताटांत जमा होई. वर मांडलेल्या उदाहरणांत सहा माणसांचा शिधा धरला आहे. पण तंगीच्या दिवसांत सहावें माणूस अर्धें धरूनच हिशेब जुळविला जाई, आणि जुळविणारी तीच असे. असा हिशेब वहींत बरोबर दिसतो. तो चुकलेला आहे हें अंगावर दिसतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिनची उणीव आढळून आली, म्हणजे त्यांना पंडुरोग होता. बाजार बारमाही झाला, माप एकसारखें झालें, तरी शेवटच्या ताटाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं.

म्हणून जुन्या बेगमींतून आजच्या घरानें काय घ्यावें आणि काय टाकावें, याचा विवेक पाहिजे. कणगी आणि मुडे यांची आज कोणाला आवश्यकता नाहीं. पण महिन्याच्या आरंभीं घरांतलीं तोंडें मोजून जिन्नसांचें माप लिहून ठेवणें, भाव उतरलेला असतां टिकाऊ धान्य घेणें, आणलेला माल घरीं एकदां तपासणें, आठवड्याचा शिधा वेगळा काढून चूक लवकर पकडणें, दहास एक वरकड धरणें आणि हिशेबाची वही दुकानांत न ठेवतां घरांत ठेवणें, एवढें आजच्या बिऱ्हाडांतहि करतां येण्याजोगें आहे. पैसा कोणाच्याहि नांवें येवो, ती वही घरांतल्या सर्व मोठ्या माणसांस वाचतां आली पाहिजे. कुपनावरच्या दोन ओळींत दुसऱ्यानें ठरवून दिलेला खर्च बाईनें निभावून न्यावा, ही वाटणी टाकून देण्यासारखी आहे.

आणि त्या वहींतील पहिली ओळ माणसांच्या संख्येची असावी. त्या संख्येंत वही लिहिणारीचें तोंड पुरें धरलें आहे कीं नाहीं, हें पाहूनच पुढचे आंकडे मांडावेत. वैशाखाच्या उन्हांत सोलें वाळत घालणाऱ्या आणि भिंतीवर कोळशानें रेघा ओढणाऱ्या त्या बायांनीं साऱ्या घराचे १२० दिवस अचूक मोजले. स्वतःचें ताट मात्र त्यांच्या मोजणींत पुरें धरलेलें नव्हतें.